नाल्याकडची ओळ

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात परभणीत पाणी मिळत नव्हतं आणि खोलीही मिळत नव्हती. पाण्यासाठी सगळ्यांनाच रांगेत उभं राहावं लागे. खोलीची रांग आमच्यासाठी वेगळी होती. शेतकी कॉलेजाचं विद्यापीठ झालं होतं, त्यामुळं पुण्याकडून, नागपूरकडून, कुठून कुठून माणसं बदलून येत होती. प्राध्यापक, कारकून, ड्रायव्हर, प्रयोगशाळेतले मदतनीस. ज्याच्याकडं ओसरी होती त्यानं ओसरीला पत्रे ठोकून तिची खोली केली. ज्याच्याकडं गोठा होता त्यानं बैल गावाकडं पाठवले आणि गोठा सारवून घेतला. सहा महिन्यांपूर्वी जिथं गवऱ्या रचल्या होत्या तिथं एखादा पदवीधर चटई टाकून राहायला लागला, वर घरमालकाचे आभारही मानायला लागला.

आम्ही म्हणजे मी, माझी बायको आणि तिचं शिलाई मशीन. चार वर्षांत पाच खोल्या फिरलो. दरवेळी तेच व्हायचं. खोली रिकामी आहे असं कळायचं, मी सायकल दामटत पोचायचो, मालक बसा म्हणायचा, नोकरी विचारायचा, गाव विचारायचा. मी बोरी सांगायचो. मग आडनाव. आडनाव सांगितलं की खोली नेमकी सकाळीच कुणालातरी दिलेली निघायची. आमच्या वडिलांनी छप्पन साली धम्म घेतला, गावकीची कामं सोडली, मला शिकवलं. आडनाव तेवढं तेच राहिलं होतं. जिथं खोली मिळायची तिथं भाडं शेजारच्यापेक्षा जास्त असायचं, आणि जास्त का म्हणून विचारायची सोय नसायची. विचारलं तर दुसरी बघा म्हणायला मालक मोकळा. दुसरी कुठं होती? एकानं खोली दिली आणि नळाला हात लावायचा नाही अशी अट घातली. त्या उन्हाळ्यात नळाला पाणीच नव्हतं, म्हणून मी हसलो. बायको हसली नाही. रात्रीच्या भाकरी थापता थापता ती एवढंच म्हणाली, "मला माडी नको का बंगला नको. जिथनं कोनी ऊठ म्हननार न्हाई अशी चार हात जागा पायजे."

त्या दिवसापासून माझ्या पायांना जी भिंगरी लागली ती थांबेना.

मी रजिस्ट्री कचेरीत नकला उतरवायचो. जमिनीचं, घराचं खरेदीखत झालं की ते जाडजूड बुकात शाईनं जसंच्या तसं लिहून ठेवायचं, काना-मात्रा बदलायची नाही, हे माझं काम. अक्षर चांगलं म्हणून मला ते मिळालं होतं. मी कायम नव्हतो; पानाच्या हिशेबानं पैसे. दुष्काळात लोक जमिनी विकायला लागले तशी माझी पानं वाढली. गावाकडं माझी भावकी खडी फोडायच्या कामावर जात होती आणि मी बोटांना शाई लावून दोन पैसे जास्त घेऊन घरी येत होतो. मला त्याची लाज वाटायची. पण लाज वाटली म्हणून मी एकही पान कुणाला देऊन टाकलं नाही, हेही सांगितलं पाहिजे.

दिवसभर भाव लिहून लिहून माझं डोकं भावांनीच भरलं होतं. कोणत्या गल्लीत काय दर चालला आहे, कोणत्या रोडला कोणी किती घेतलं, हे मला तोंडपाठ. कचेरीसमोरच्या हॉटेलात चहाला बसलं की लोक मला विचारायचे आणि मी ऐटीत सांगायचो. स्वतःचा एक हातही जागा नसलेला माणूस अख्ख्या परभणीचे भाव सांगतो आहे, ह्यातली गंमत मला तेव्हा दिसली नाही. बायकोला दिसायची. ती मला "नगरशेठ" म्हणायची. शेठ, मीठ संपलंय, तेवढं आणा.

रविवारी मी प्लॉट बघत हिंडायचो. शहराच्या चारी बाजूंना माझ्या सायकलीच्या खुणा असतील. बघायचो, पावलांनी मोजायचो, भाव विचारायचो, थोडा कमी होईल म्हणून थांबायचो आणि पुढच्या रविवारी गेलो की तिथं दुसऱ्याचा पाया खणलेला दिसायचा. दुष्काळ आहे, लोक विकायला निघालेत, म्हणजे भाव पडणार, असा माझा हिशेब होता. गावाकडच्या शेतीचे भाव पडलेही. शहराच्या कडेच्या जागेला मात्र विद्यापीठाची माणसं गिऱ्हाईक होती आणि त्यांचा पगार पावसावर अवलंबून नव्हता. हे मला कळायला उशीर झाला, आणि कळल्यावर मी पार बिथरलो. जेवताना उठून उभा राहायचो. झोपेत पावलं मोजायचो, असं बायको सांगते.

जिंतूर रोडला शेवटच्या घरांच्या पुढं एका शेतकऱ्याचं रान होतं. त्यानं त्याचे प्लॉट पाडायला घेतले होते. माणूस बोलायला गोड, धोतर पांढरंफेक, आणि डोकं असं की मोंढ्याच्या धान्यबाजारातल्या अडत्यांनी त्याच्याकडं शिकवणीला यावं. सगळं रान त्यानं कधी विकायला काढलंच नाही. रानाला त्यानं काट्यांची कुपाटी घातली होती. कुपाटीच्या बाहेर दोन ओळी, एक रस्त्याकडं आणि एक मागच्या कडेला, त्या विकायच्या. आत सगळी शेती. दरवर्षी पाडव्याला तो गड्यांकडून कुपाटी उपटून एक ओळ मागं सरकवायचा. लोक म्हणायचे, काळ्या आईवर माया आहे, सुटत नाही बिचाऱ्याला. मीही तसंच समजायचो. एकदा त्यानंच मला सांगितलं की माल कमी दिसला पाहिजे, सगळा उघडा टाकला की गिऱ्हाईक बसतं पान खात. त्या वर्षी तर कुपाटीच्या आत गवताची काडी नव्हती, नांगरट पडून होती, तरी त्यानं ती सरकवली नाही. अर्ध्या शहराला जागा पाहिजे होती आणि तो कोरडं रान राखत बसला होता.

त्याच्या प्लॉटांची खरेदीखतं माझ्याच टेबलावर यायची. त्यातली एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि मी वेडा व्हायचा राहिलो. रस्त्याकडच्या ओळीतले प्लॉट ज्या किमतीला गेले होते, त्याच्या जवळजवळ दुप्पट किंमत मागच्या ओळीतल्या प्लॉटांच्या खतांत होती. मागची ओळ म्हणजे रस्त्यापासून लांब, सखल. तिला दुप्पट? मी जुनी बुकं काढून पुन्हा पाहिलं. तसंच. घेणारे सगळे नोकरदार होते, शिक्षक, कारकून, दोन रेल्वेतले. मी विचार केला, ह्या लोकांना ऑफिसातून काहीतरी कळलं असणार. मागून नवा रस्ता निघणार असेल. विद्यापीठाकडं जाणारा असेल. नाहीतर शहाणीसुरती माणसं दुप्पट कशाला मोजतील? खतांत मागच्या बाजूची सीमा "दक्षिणेस गाडीवाट" अशी लिहिलेली होती. आज गाडीवाट, उद्या डांबरी, असं मी मनातल्या मनात म्हणालो. ही बातमी मला फुकट मिळाली होती, कुणालाच न कळता, माझ्याच हाताच्या अक्षरातून. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी दोन चहा पाजले.

त्या रविवारी बायकोला घेऊन गेलो. शेतकऱ्यानं आम्हाला सरळ मागच्या ओळीकडं नेलं. चालताना रस्त्याकडच्या ओळीत तीन-चार प्लॉट मोकळे दिसले. बायकोनं विचारलं, "हे का न्हाई दाखवायलाव?" तो म्हणाला, ते गेले. मोकळे दिसतात पण गेले. मी तिला डोळ्यांनी दटावलं. मला रस्त्याकडची ओळ नकोच होती, आणि माझ्या बातमीचा वास त्याला लागू द्यायचा नव्हता.

मागच्या ओळीत आमच्यासाठी कोपऱ्याचा प्लॉट होता. त्याच्या पलीकडं दहा पावलांवर ती गाडीवाट, पांढऱ्या वाळूची, दोन्ही कडांना बाभळी. बायको तिकडं गेली आणि बराच वेळ बाभळीखाली उभी राहिली. मग तिनं मला हाक मारून वर बोट दाखवलं. बाभळीच्या बेचक्यात, तिच्या छातीइतक्या उंचीवर, वाळलेलं गवत आणि काड्या अडकून बसल्या होत्या. एका झाडाला नाही, सगळ्या झाडांना, एकाच उंचीवर. ही घाण एवढ्या वर कशी आली, असं तिनं शेतकऱ्याला विचारलं. तो म्हणाला, कडब्याच्या गाड्या जातात बाई इथून, भरलेल्या गाड्यांचा कडबा लागतो फांद्यांना. मला ते पटलं. मला त्या दिवशी काहीही पटलं असतं. बाभळीची मुळं उघडी पडली होती, वाळूत गोल गोटे होते, आणि मी बोरीच्या नदीकाठी वाढलेला माणूस त्या वाळूवर उभा राहून डांबरी रस्त्याचं स्वप्न बघत होतो.

बायको म्हणाली, घाई नको, पावसाळ्यापर्यंत थांबू. मी म्हणालो, पावसाळ्यापर्यंत थांबलेली माणसं मी रोज बघतो. त्याच दिवशी इसार दिला. माझ्या पानांचे आणि तिच्या शिलाईचे, दोन वर्षांचे, सगळेच. इसार पावतीवर त्याची सही झाली. बाकीची रक्कम देऊन खरेदी दिवाळीनंतर. घरी येताना मी सायकल चालवत नव्हतो, उडत होतो. ती मागं कॅरिअर घट्ट धरून बसली होती.

कचेरीच्या बाहेर लिंबाखाली एक म्हातारे अर्जनवीस बसायचे. निजामाच्या काळापासून दस्त लिहीत आलेले, मराठी आणि दखनी एकाच दमात बोलणारे. त्या रानाची सगळी खतं त्यांच्याच हातची. महिनाभरानं, दुपारी काम नसताना, मी त्यांना मोठ्या शहाणपणानं माझी बातमी सांगितली. मागच्या ओळीचे भाव दुप्पट का आहेत ते मला कळलं आहे, असं म्हणून रस्त्याचं सगळं सांगितलं. मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

"बेटा, रस्त्याकडं घेनारा मोंढ्यातला शेठ अर्धीच रक्कम लिहितो," ते म्हणाले. "ष्टांप वाचतो त्याचा. बाकीची हातात देतो. नोकरदाराला सरकारचं कर्ज पायजे असतं, म्हनून तो पुरी रक्कम लिहितो. भाव दोन्ही ओळींचा एकच हाय. तू इतके दिवस काय लिहायलास?"

मी हसल्यासारखं केलं आणि आत गेलो. व्यापारी कमी लिहितात हे मला माहीत नव्हतं असं नाही. कचेरीतल्या पट्टेवाल्यालाही ते माहीत होतं. पण रोज स्वतःच्या हातानं जो आकडा लिहायचा तो खोटा आहे हे माणूस किती दिवस लक्षात ठेवणार? माझ्या हाताला तो खरा वाटायला लागला होता. आणि मी कायम नसल्यामुळं सरकारी कर्जाची भानगड मला कधी करावीच लागली नव्हती.

मी बुक पुन्हा काढलं. ह्या वेळी आकडे बघितले नाहीत, नावं बघितली. मागच्या ओळीतली सगळी आडनावं आमच्यातली होती. एक सोडून सगळी. रस्त्याकडच्या ओळीत एकही नव्हतं. ती सगळी मीच लिहिली होती, ठसठशीत अक्षरात, एकेक करून. शेतकऱ्यानं कुणाला कुठली ओळ दाखवायची ते आधीच ठरवलं होतं, आणि सखल ओळीचा भाव वरच्या ओळीएवढाच लावला होता, कारण आम्ही दुसरीकडं जाणार कुठं? बायकोनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं ते हेच होतं. मला राग आला. त्याचा आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त आला.

आषाढात पाऊस लागला तो चांगलाच लागला. लोक खूश होते, आणि मी घोंगडं घेऊन जिंतूर रोडला निघालो. गाडीवाट नव्हतीच तिथं. तांबडं पाणी बाभळींना धरून वाहत होतं आणि आमच्या कोपऱ्याच्या प्लॉटवर गुडघ्याइतकं उभं होतं. दुसऱ्या दिवशी गेलो, तिसऱ्या दिवशी गेलो. चौथ्या दिवशी ते ओसरलं आणि मागं चिखल राहिला. दुष्काळाच्या दोन-तीन वर्षांत नाल्यातून गाड्या गेल्या म्हणून नाल्याची गाडीवाट झाली होती, कागदावरही झाली होती.

बायकोला सांगावं लागलं नाही. माझे चिखलाचे पाय तिनं पाहिले. मला वाटलं होतं ती आकांडतांडव करील; ती मशीनवर बसून होती, तशीच बसली. संध्याकाळी म्हणाली, जोतं उंच घेऊ. चार फूट भर घालू, वर पायऱ्या करू. मी लगेच पाटी घेऊन बसलो. मुरमाच्या गाड्या किती, दगड किती, सिमेंट परमिटावर, ते मिळायला किती हेलपाटे, काळ्या बाजारात काय भाव. पाटी दोन्ही बाजूंनी भरली. मी तिला पाटी दाखवून म्हणालो की जागेपेक्षा जोतं महाग पडतंय. ती म्हणाली, "मग पडू द्या की." मी पाटी पुसून टाकली. मला ते बायकी बोलणं वाटलं.

माझ्या डोक्यात दुसरंच शिजत होतं. त्या पावसाळ्यात जागांना अजून तेजी आली होती. शेतकऱ्यानं कुपाटी सरकवलेली नव्हती, बाहेरचे प्लॉट संपत आले होते, आणि नुसत्या इसार पावतीला गिऱ्हाईक निघालं होतं. म्हणजे खरेदी व्हायच्या आधीच पावती दुसऱ्याला द्यायची, वर नफा घ्यायचा आणि मोकळं व्हायचं. हॉटेलात मी सगळ्यांना सांगून ठेवलं. भादव्यात एक जण आला. पूर्णेकडचा, शाळामास्तर, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, आमच्यातलाच. तान्हं मूल, बायको, आई, आणि खोली महिनाअखेर सोडायची. मी इसारावर चांगला नफा मागितला. त्यानं घासाघीस केली नाही. मी अजून जास्त मागायला हवं होतं असं मला लगेच वाटलं, हे मी आज लाज सोडून लिहितो.

चार दिवस ऊन पडलं, वाळू पांढरी झाली, तेव्हा मी त्याला जागा दाखवायला नेलं. बायको म्हणाली मीही येते. मी नको म्हणालो. ती आलीच.

मी पाण्याबद्दल बोलणार नव्हतो. विचारलं तर बघू, असं मी स्वतःशी ठरवून टाकलं होतं. मला कुणी सांगितलं होतं? मास्तरानं जागा पावलांनी मोजली, अगदी माझ्यासारखी, आणि त्याचा चेहरा बघून मला कळलं की त्याचंही माझ्यासारखंच झालं आहे, आता तो नाही म्हणू शकत नाही. तेवढ्यात बायको पुढं झाली.

"भाऊ, हितं पानी येतं," ती म्हणाली. "ह्या आखाडात गुडघ्याएवढं होतं. चार दिवस हाललं न्हाई. आमाला कोनी सांगितलं न्हाई, म्हनून तुमाला सांगायलेय."

मला कानशिलात बसल्यासारखं झालं. मी बाभळीकडं बघत राहिलो. सौदा मोडला, इसार बुडाला, दोन वर्षांची शिलाई गेली, हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं आणि तिचा इतका संताप आला की तिथंच बोललो असतो.

मास्तर खाली बसला. त्यानं जमिनीला हात लावून पाहिलं, बाभळीला अडकलेल्या काड्या पाहिल्या, उठून हात झटकले. किती फूट भर घालावी लागंल, असं त्यानं मला न विचारता तिला विचारलं. तिनं चार सांगितली. मग तो म्हणाला, "पानी चार दिवस येतंय ताई. घरमालक बारा म्हैने दारात असतोय."

पावती त्यानं घेतली. नफा ठरला होता तेवढाच दिला, पाण्याचं नाव काढून एक रुपया कमी केला नाही. मी पैसे घेतले.

परतीच्या वाटेवर सायकल हातात धरून आम्ही चालत होतो. मी तिच्यावर तोंड टाकलं. थोडक्यात वाचलो, तू घालवलाच होतास सौदा, असं बरंच काही. ह्या पैशात आणखी थोडे घालून पाडव्याला कुपाटी सरकली की रस्त्याकडची ओळ घेऊ, कुणाच्या तरी मध्यस्थीनं घेऊ, असंही सांगितलं. रेल्वेचं फाटक लागलेलं होतं, तिथं उभं असताना ती म्हणाली, "पानी बघून बी त्यानं घेतली. तुमी पानी बघून सोडली. मला वाटलं, त्याला सांगताना तुमी बी ऐकसाल." गाडी गेली, फाटक उघडलं, आणि मी सायकल पुढं ढकलली.

पाडव्याला कुपाटी एक ओळ सरकली. नवी ओळ रस्त्याच्या बाजूची होती, आणि तिचा भाव ऐकून मी सायकलवरून उतरलोही नाही. माझ्या हातातला नफा त्या भावापुढं किरकोळ होता. पुढच्या पाडव्याला तर मी विचारायलाही गेलो नाही.

मास्तरानं मात्र पहिल्या पाडव्यानंतरच्याच उन्हाळ्यात घर बांधलं. शाळेच्या सुट्टीत तो स्वतः मुरूम टाकत होता असं ऐकलं. विटा भट्टीवरच्या, मातीत बसवलेल्या, सिमेंट फक्त बाहेरच्या सांध्यांना आणि पायऱ्यांना, वर पत्रे. दोन खोल्या आणि पुढं ओटा. घरी बुद्धवंदना ठेवली तेव्हा आम्हाला बोलावणं होतं. बायको पायऱ्या चढून आत गेली ती बाहेर येईना. मी खाली उभा राहून आसपासच्या जागांचा आजचा भाव काय असेल ते काढत होतो. काही केल्या ते डोकं थांबत नव्हतं.

त्याच महिन्यात आमच्या घरमालकानं खोली खाली करायला सांगितली. विद्यापीठातला कुणी साहेब जास्त भाडं देत होता. मी पुन्हा सायकल काढली. बारा ठिकाणी गेलो, बारा ठिकाणी आडनाव सांगितलं. तेराव्या ठिकाणी जायच्या आधी मास्तर स्वतः आमच्याकडं आला. आई गावाकडं राहणार म्हणाली आहे, एक खोली मोकळी आहे, ताईंच्या मशीनला उजेडही चांगला येईल, असं म्हणाला. भाडं काय, असं मी विचारलं. तो ओशाळला आणि जमेल ते द्या म्हणाला. मी चालू दरानं ठरवलं. फुकटात राहायचा मिंधेपणा मला परवडणारा नव्हता.

हातगाड्यावरून मशीन उतरवून आम्ही दोघांनी ते पायऱ्यांवरून वर चढवलं. बायको पुढं होती, मी मागं, वजन सगळं माझ्याकडं. वर गेल्यावर तिनं ते खिडकीशी लावलं, तेलाची बाटली काढली आणि कामाला बसली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला भाडं मीच नेऊन द्यायचो, ओट्यावर, मास्तराच्या हातात. तो ते न मोजता खिशात घालायचा.

पावतीवर मिळालेला नफा भाड्यात किती दिवस पुरेल याचा हिशेब मी पहिल्याच महिन्यात मांडला होता. एक वर्ष आणि दोन महिने पुरला. आम्ही तिथं सहा वर्षं राहिलो.